दोन मग जास्त

पाव न फुगता बसले की थोरला आधी हात पुसायचा. कमरेला खोचलेल्या फडक्याने एकेक बोट, मग मनगटं, मग पुन्हा तळवे. पीठ लागलेल्या हाताने तो बायकोला कधी मारत नसे. तेवढा वेळ ती भिंतीशी उभी राहायची आणि त्याचा धाकटा भाऊ रिकामे क्रेट उचलून पुढच्या दुकानात निघून जायचा.

त्या दुपारी धाकटा निघाला, पण दारापर्यंतच पोचला. साच्यांतून निघालेले पाव मधोमध खचले होते. थोरल्याने एक मुठीत दाबला. आत ओला, चिकट लगदा होता. तो त्याने बायकोच्या तोंडावर फेकला आणि हात पुसायला घेतले.

"दहा मग मैदा, चार मग पाणी. किती घातलंस?"

"दहा आणि चार."

"मोजलंस?"

"मोठ्याने मोजलं. भाऊजींनी ऐकलंय."

"मग हा काय आपोआप बसला? उन्हातून चालत आला म्हणून दमला?"

भट्टीतून पाव ओढायची लांब दांड्याची फळी कोपऱ्यात उभी असे. पहिला फटका तिच्या पाठीवर पडला, दुसरा मांडीवर. ती खाली बसली तेव्हा त्याने तिची वेणी हाताला गुंडाळली आणि तिला पुन्हा उभं केलं. महिन्यापूर्वी त्याने तिचं डावं मनगट मोडलं होतं. त्याचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं आणि हात अजून काडीसारखा बारीक दिसत होता. थोरल्याने त्या हाताकडे पाहिलं.

"पुढच्या वेळी दुसरा," तो म्हणाला. आवाज चढवून नाही. उद्या मैद्याची पोती आणायची आहेत हे सांगावं, तसं.

थोरला बोलायचा ते करायचा, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

बेकरी बापाची. पुढे दुकान, मागे भट्टी, वर दोन खोल्या. बाप जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याचा पत्र्याचा मग तसाच वापरात होता. दहा मग मैदा, चार मग पाणी, छोटी वाटी भरून मीठ, तीच वाटी भरून साखर, तीच भरून तेल, आणि खमीर. थोरला लहान असताना त्याच्या हातून पाव बिघडला की बाप त्याच मगाने मारायचा. थोरल्याच्या डाव्या भुवईत केस नसलेली एक रेघ होती, ती मगाच्या कडेची. त्यावर तो हसून सांगायचा, "मार खाल्ला म्हणून शिकलो." आणि तो खरंच शिकला होता. त्याने स्वतः मळलेला पाव कधी बसत नसे. बायकोचा मात्र चारातून एकदा तरी बसायचा. तेच पोतं, तोच मग, तेवढेच आकडे. तिला तर वाटायला लागलं होतं की आपल्या हाताला गुणच नाही.

धाकटा गाडीवरून गावभर पाव पोचवायचा. बोलका माणूस, गिऱ्हाइकांना हसवणारा. घरात आला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. त्या दुपारी मात्र 'पुढच्या वेळी दुसरा' हे शब्द त्याने ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी तो गाडीवर एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घालून आला. थोरला वर झोपला होता.

"वहिनी, हात कसा आहे?"

"आहे. अजून जागेवर आहे."

"इकडे या. तुमचा हात वाईट की दादाचा मग वाईट, ते आज बघू."

"हळू बोला. मगाला नावं ठेवलेली त्यांना खपत नाहीत. मला ठेवलेली चालतात."

धाकट्याने रिकामा मग काट्यावर ठेवला, बटण दाबून आकडा शून्यावर आणला आणि मग पाण्याने काठोकाठ भरला. बरोबर एक किलो. त्याला आनंद झाला. "झालं! एक मग म्हणजे एक किलो. म्हणजे मैदा दहा किलो, पाणी चार किलो. एवढं सोपं होतं."

दोघांनी त्या हिशेबाने थोडंसं पीठ मळून एकच पाव भाजला. तो धाकट्याने ओट्यावर आपटला तेव्हा ओटा वाजला.

"हा विकायचा नाही," वहिनी म्हणाली. "हा दाराला टेकण म्हणून लावा. वाऱ्याने आपटतं सारखं." आणि ती हसली. ओठ फुटलेला असल्यामुळे लगेच तोंड धरलं, पण हसली.

चूक अगदी साधी होती. मग फक्त जागा मोजतो. त्या जागेत काय भरलंय आणि किती दाबून भरलंय, हे त्याला कळत नाही. पाणी सगळी जागा भरून टाकतं, मैदा तसा नसतो. त्याच्या कणाकणांमध्ये हवा असते. म्हणून मगभर पाणी आणि मगभर मैदा यांचं वजन कधीच सारखं येणार नाही. मिठाच्या वाटीचं आणि साखरेच्या वाटीचंही येत नाही. त्यांनी तीही वजन करून पाहिली. मीठ एकशे चव्वेचाळीस ग्रॅम भरलं, साखर एकशे दोन.

"प्रत्येक वस्तूचं वजन वेगवेगळं घ्यायला हवं," धाकटा म्हणाला. "भरा मैदा. रोज भरता तसाच भरा."

वहिनीने मैदा चाळला. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाला पावात अळी सापडली होती, तेव्हापासून सगळा मैदा चाळून घ्यायचा हुकूम थोरल्याचाच होता. चाळलेला भुरभुरीत मैदा तिने हलक्या हाताने मगात भरला आणि वरून बोटाने सपाट केला. पाचशे तीस ग्रॅम.

"आता दादा भरतो तसा भरा."

थोरला चाळत नसे. हुकूम दुसऱ्यांसाठी होता. तो थेट पोत्यात मग खुपसायचा, ओट्यावर दोनदा आपटायचा, वर आणखी मैदा घालून तळहाताने दाबायचा. बाप तसाच भरायचा. वहिनीने उजव्या हाताने मग आपटला, दाबला. सहाशे ऐंशी.

"परत भरा," धाकटा म्हणाला.

परत सहाशे ऐंशीच आले, चारपाच ग्रॅम इकडेतिकडे.

"एका मगात दीडशे ग्रॅमचा फरक," धाकटा म्हणाला. "दहा मगांत दीड किलो. वहिनी, ज्या दिवशी तुमचा हात असा हलका पडायचा, त्या दिवशी पावात दीड किलो मैदा कमी पडत होता आणि पाणी तेवढंच. तो बसणार नाही तर काय करणार?"

"पण मी दहाच मग घालत होते."

"दहाच घालत होता. खोलीत पाच माणसं झोपली तरी खोली भरते, आणि पायावर पाय टाकून दहा झोपली तरी खोली भरते. दार लावून बाहेरून कसं कळणार?"

वहिनी ओट्याला टेकून उभी राहिली. तिने आपलं बारीक झालेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं होतं. "म्हणजे मी चुकत नव्हते," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मी चुकत नव्हते, भाऊजी."

संध्याकाळी धाकट्याने थोरल्याला काटा दाखवला. थोरल्याने आधी काट्याला शिवी दिली, मग स्वतःच्या हाताने मग आपटून भरला. सहाशे ऐंशी. बायकोला भरायला लावला. पाचशे तीस. त्याने काट्याखाली हात घालून पाहिलं, काटा उचलून झटकला, पुन्हा केलं. मग त्याचा अंगठा भुवईवरच्या त्या रेघेवर गेला आणि तिथेच राहिला.

"लहान हातांना तो मग आपटणं जमतच नसेल, दादा," धाकटा म्हणाला. "तू लहान होतास तेव्हा..."

थोरल्याने उलट्या हाताने त्याच्या कानशिलात मारली. धाकटा क्रेटवर जाऊन आदळला.

"वजनाने करा," थोरला म्हणाला आणि वर गेला.

भट्टीशेजारच्या भिंतीवर धाकट्याने खडूने आकडे लिहिले. मैदा सहा किलो आठशे. पाणी चार किलो. मीठ, साखर, तेल, खमीर. सगळ्यांची बेरीज अकरा किलो दोनशे. बेरीज लिहिताना त्याला एक गंमत सुचली. "वजनाचा हा गुण बघा वहिनी. मगभर मैद्यात मगभर पाणी घातलं तर दोन मग होत नाहीत, पाणी त्या फटींत शिरतं. पण किलोत किलो घातला की दोन किलो म्हणजे दोनच. घातलंय तेवढंच निघणार. वजन केलेला पिठाचा गोळा खोटं बोलत नाही."

"गोळ्याला काय, त्याला मार नाही बसत," वहिनी म्हणाली.

त्यानंतर पाव बिघडला नाही. रोज सारखा फुगायचा, सारखा रंग धरायचा. गिऱ्हाइकं थोरल्याला म्हणाली, शेठ, आता काय जादू केलीत? वहिनीच्या अंगावरचे काळेनिळे डाग पिवळे पडले आणि मग गेले. धाकटा पुन्हा घरातसुद्धा बोलायला लागला. त्याला वाटलं, रोगाचं मूळ सापडलं.

थोरला मात्र दिवसेंदिवस ताठत चालला. पाव निघाले की तो हात पुसून तयार असायचा. एक पाव उचलायचा, वास घ्यायचा, मधून फाडायचा, बोटाने दाबायचा, चावायचा. काही सापडायचं नाही. मग तो तसाच उभा राहायचा, फडकं पिळत. एका दुपारी पोत्यांमागून उंदीर निघाला. थोरल्याने फळीच्या एका फटक्यात त्याला मारलं आणि त्यानंतरही तो मारतच राहिला. फळी नुसती फरशीवर आपटल्याचा आवाज यायला लागला, तरी थांबेना. फरशीवर नुसता ओला डाग उरला. वहिनी साचे पुसत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण तिने मान वर केली नाही.

आणि मग एके दिवशी पाव दगड निघाले.

वजन तिने केलं होतं, एकेक आकडा भिंतीवरून वाचून. पीठ मळायच्या यंत्रात टाकून ती वर कपडे वाळत घालायला गेली होती, तेवढंच. पाव फुगलेच नाहीत. थोरल्याने हात पुसले. आज ते फार सावकाश, नीट पुसले.

"कुठे गेला तुझा काटा?"

पहिल्याच ठोशाने तिचा एक दात पडला. ती कोसळल्यावर त्याने लाथा घातल्या, बरगडीत, पोटात, पुन्हा बरगडीत. मग तिचा उजवा हात फरशीवर सरळ करून त्यावर टाच ठेवली. तेवढ्यात दुकानातून कोणीतरी "शेठ!" अशी हाक मारली. दारातून धाकटा ओरडला, "दादा, गिऱ्हाईक!" थोरल्याने टाच उचलली. "हात उद्या," तो म्हणाला आणि केस सारखे करत पुढे गेला.

धाकट्याने वहिनीला उठवलं. ती रक्त थुंकली आणि म्हणाली, "काटा बघा आधी."

त्याने काट्यावर साखरेची सीलबंद किलोची पिशवी ठेवली. एक किलो. दोन ठेवल्या. दोन किलो. काटा बरोबर होता.

"मग चूक माझीच," ती म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता. "माझीच असणार. अजून कुणाची?"

"उद्या मी इथेच थांबतो. पाव पोचवायचे राहू देत."

दुसऱ्या दिवशी धाकटा गाडीवर बसून निघाला, वळणावर गाडी लावली आणि मागच्या दाराने परत आला. वहिनीने सगळं वजन करून यंत्रात टाकलं होतं. बटण दाबून ती नेहमीसारखी वर गेली होती. थोरला दुकानात होता. यंत्र घुमत होतं. ती खाली आली तेव्हा धाकटा नुकताच आत शिरत होता.

"थांबा," ती म्हणाली. "साच्यात घालायच्या आधी सगळा गोळा वजन करू. तुम्हीच म्हणाला होता, घातलंय तेवढंच निघणार."

यंत्रातला गोळा त्यांनी घमेल्यात काढला. रिकाम्या घमेल्याचं वजन वजा केलं. बारा किलो पाचशे साठ.

भिंतीवर लिहिलं होतं अकरा किलो दोनशे.

"जास्त आहे," वहिनी म्हणाली. "जास्त कसं असेल? मी दोनदा वाचून घातलंय."

धाकट्याने खडू घेतला आणि वजाबाकी केली. एक किलो तीनशे साठ. त्याने त्याचे दोन भाग केले. सहाशे ऐंशी. सहाशे ऐंशी.

वहिनीला काही सांगावं लागलं नाही. तिने हलक्या हाताने दोन मग घातले असते तर एक किलो साठ ग्रॅम वाढले असते. आपटून, दाबून मग भरणारा माणूस त्या घरात एकच होता.

"त्याने घातले," ती म्हणाली. "काल पण त्यानेच." आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याला 'त्याने' म्हणाली.

"वहिनी, कदाचित दादाला वाटलं असेल की पीठ सैल आहे, म्हणून..."

"काय सैल आहे?" थोरला दारात उभा होता.

त्याने काट्यावरचं घमेलं पाहिलं, भिंतीवरची वजाबाकी पाहिली. त्याला लिहिता-वाचता चांगलं येत होतं. त्याने कमरेचं फडकं काढलं.

"दोन मग," वहिनी म्हणाली. ती भिंतीशी गेली नाही. "मी वर गेल्यावर तू दोन मग मैदा टाकलास. पाव चांगला निघाला तर मारायचं कशावरून, म्हणून. नाही का?"

"तू? मला तू म्हणालीस?"

"म्हणाले. सांग, टाकलेस की नाही?"

थोरल्याने काटा घमेल्यासकट खाली ओढला. घमेलं फरशीवर घणघणलं. काटा त्याने उचलून भिंतीवरच्या आकड्यांवर फेकला. काचेचे तुकडे पिठात पडले. मग त्याने तिचा गळा धरला. एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने तिचा उजवा हात मागे पिरगाळायला सुरुवात केली. खांद्यातून आवाज आला.

धाकट्याने त्याला मागून मिठी मारली. एवढ्या वर्षांत त्याने भावाच्या अंगाला हात लावला नव्हता आणि कुठे धरायचं हे त्याला कळत नव्हतं. थोरल्याने कोपराने त्याचं नाक फोडलं, मानेला धरून त्याला फिरवलं आणि त्याचा गाल भट्टीच्या लोखंडी दारावर दाबला. धाकट्याच्या ओरडण्याबरोबर जळल्याचा वास आला.

"पुळका आलाय वहिनीचा? आँ? अजून वजन कर! कर की!"

वहिनीने कोपऱ्यातली फळी उचलली. उजवा हात लोंबत होता. तिने ती डाव्या हाताने, त्या बारीक मनगटाने उचलली आणि दांडा काखेत दाबून धरला. सगळं अंग फिरवून तिने फळीची कड थोरल्याच्या हातावर मारली. कोपराच्या खाली हाड मोडल्याचं तिघांनीही ऐकलं. धाकट्याचा गाल सुटला. थोरला वळला, तिच्याकडे आश्चर्याने बघत राहिला. तिने दुसरा फटका खांद्यावर मारला. तिसरा गुडघ्यावर. तो बसला. चौथा मारायला तिने फळी वर केली तेव्हा धाकटा मध्ये आला. रक्ताने त्याची हनुवटी लाल झाली होती.

"वहिनी, बस. मरेल तो."

ती धापा टाकत उभी होती. फळी खाली यायला बराच वेळ लागला.

पोलीस ठाण्यात दोघं बाकावर बसली. जखमा बघून टेबलामागच्या पोलिसाने आधी दवाखान्याची चिठ्ठी लिहिली, मग कागद ओढला.

"मारहाण कशावरून झाली?"

"पाव बिघडला म्हणून," ती म्हणाली. हे उत्तर तिला पाठ होतं. मग ती थांबली. "नाही. ते खोडा. पाव बिघडला नव्हता."

"मग कारण काय लिहू?"

"कारण नव्हतं. त्याला निमित्त लागायचं. ते सापडेना, तेव्हा त्याने बनवलं."

पोलिसाने पेन कानामागे लावलं, पुन्हा काढलं. "आणि त्याचा हात मोडलाय म्हणता, तो कोणी मोडला?"

"मी मोडला, साहेब," धाकटा घाईने म्हणाला. गालावर ओलं फडकं धरल्यामुळे त्याचे शब्द अर्धवट येत होते. "मीच. रागात झालं."

"भाऊजी, गप्प बसा," वहिनी म्हणाली. "मी मोडला. लिहा."

"बाई, विचार करून बोला. तुमच्यावर पण केस होईल."

"होऊ दे. पण माझ्या हातून जे झालं ते माझ्याच नावावर लिहा. आजवर जे झालं नाही ते पण माझ्याच नावावर लागत होतं."

बाहेर पायऱ्यांवर शिवीगाळ ऐकू आली. थोरला आला होता. शेजारच्या दुकानदाराने त्याला दंडाला धरून आणलं होतं आणि त्याचा मोडका हात त्याच पिठाच्या फडक्यात बांधून गळ्यात अडकवला होता. आवाज ऐकताच धाकटा उठला आणि बाकासमोर, वहिनी आणि दार यांच्या मध्ये उभा राहिला.

"सरका, भाऊजी," ती म्हणाली. ती बसूनच राहिली. "तुमच्या आडून मला तो दिसत नाही."